दुखत नाही तोवरच दातांकडे बघा

साठी ओलांडली की दात जाणार आणि कवळी बसणार, असं आपल्याकडे धरूनच चालतात. सांगली-मिरजेत, साताऱ्यात, कऱ्हाडात दातांच्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर पाच मिनिटं बसलात तर हे कानावर पडेल. प्रत्यक्षात वय झालं म्हणून दात पडत नाही. बहुतेक वेळा तो दोन कारणांनी जातो: कीड आत नसेपर्यंत पोचते, किंवा दात ज्या हाडात बसलेला असतो ते हाड झिजतं. दोन्हींच्या मुळाशी दातावर रोज नव्यानं धरणारा जंतूंचा चिकट थर असतो. दोन्ही आजार पहिली कित्येक वर्षं दुखतही नाहीत. हिरडीचा आजार तर अनेकदा न दुखताच दात हलवून मोकळा होतो, आणि मग माणूस म्हणतो, ‘कीड नव्हती हो डॉक्टर, चांगला दात होता, हलायला कसा लागला?’

म्हणून या लेखातली सगळी कामं दुखणं नसताना करायची आहेत.

आधी उजेडात तोंड बघा

सकाळी खिडकीशी उभे राहा. हातात आरसा आणि मोबाइलचा टॉर्च एवढं पुरे. ओठ उचलून हिरडी बघा. निरोगी हिरडी दाताला घट्ट चिकटलेली असते आणि दोन दातांच्या मध्ये टोकदार दिसते. रंग फिकट गुलाबी असायला हवा असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण आपल्यापैकी अनेकांची हिरडी सावळी किंवा काळसर ठिपक्यांची असते. तो कातडीसारखाच रंग आहे, त्याची काळजी करू नका. काळजी करायची ती लालभडक, फुगलेल्या, चकचकीत कडेची आणि ब्रश लागताच येणाऱ्या रक्ताची.

आता खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं जीभ फिरवा. खरखरीत कड लागली तर ते किटण. ते तिथंच जास्त साचतं, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथं उघडतात आणि लाळेतलं कॅल्शियम त्या मऊ थरात बसून तो दगडासारखा होतो. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही याच कारणानं किटण धरतं.

दात पूर्वीपेक्षा लांब दिसतायत का, पुढच्या दातांत नवी फट पडलीय का, कुठला दात बोटानं हलतो का, हेही बघून ठेवा. तोंड उघडलंच आहे तर जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि गालाची आतली बाजू बघून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर ती दुखत नसली तरी दाखवायची. शेवटी स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये जातात का बघा. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांनी ही तपासणी टाळू नये. ती का, ते पुढं येतं.

मग एकदा साफ करून घ्या

किटण ब्रशनं निघत नाही. मिठानं नाही, लिंबानं नाही आणि हळदीनंही नाही. हळदपेठेच्या गावात बसून हे लिहिणं धाडसाचं आहे. हळद-मीठ लावल्यानं सुजलेल्या हिरडीला बरं वाटेल, कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा मीही सांगतो. पण दगड झालेला थर हत्यारानंच काढावा लागतो.

इथं नेहमीचा आक्षेप येतो: ‘साफ केलं की दात हलायला लागतात म्हणतात.’ म्हणतात खरं, आणि त्यामागं कारणही आहे. पुरात नदीकाठच्या खांबाभोवतीची माती वाहून जावी आणि अडकलेल्या गाळ-कचऱ्याच्या आधारानं तो उभा राहावा, तशी त्या दाताची स्थिती असते. हाड आधीच गेलेलं असतं. किटण काढल्यावर ते उघड होतं, एवढंच. किटण तसंच ठेवलं तर उरलेलं हाडही जातं. दातांत फटी पडल्यासारख्या वाटतात त्याही किटणानं भरलेल्या जागाच असतात. गार पाण्यानं काही दिवस दात शिवशिवतात, ते हळूहळू कमी होतं.

साफ करायला जाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: ‘हिरडीची खोली मोजली का?’ दात आणि हिरडीच्या मध्ये एक उथळ खाच असते. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई त्यात हलकेच घालून ती मोजतात. एक ते तीन मिलिमीटर म्हणजे ठीक. चार आणि त्यापुढं म्हणजे कप्पा तयार झालाय, आणि तिथं तुमचा ब्रश पोचत नाही. सहाच्या पुढं गेलं असेल तर हाड बरंच खाली गेलेलं असण्याची शक्यता मोठी. अशा दातांची मुळं हिरडीखाली, बधिर करून, दोन-तीन बैठकांत साफ करावी लागतात, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजावं लागतं. गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही. जिथं थांबलंय तिथंच त्याला थांबवायचं, हे उद्दिष्ट असतं, आणि ते साधतं. स्वीडनमधल्या कार्लस्टाड गावात १९७१-७२ पासून तीस वर्षं काही माणसांना नियमित बोलावून दात साफ केले गेले आणि घरी कसं साफ करायचं ते पुन्हा पुन्हा शिकवलं गेलं. तीस वर्षांत त्यांचे सरासरी दोनपेक्षाही कमी दात गेले.

हाड झिजलेलं असेल त्यानं दर तीन-चार महिन्यांनी जावं. बाकीच्यांना सहा महिने ते वर्ष चालतं. खर्चाची अडचण असेल तर आपल्या भागात दंत महाविद्यालयं आहेत: सांगलीत भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय, कऱ्हाडजवळ मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचं. केसपेपर काढून हिरड्यांच्या विभागात जायचं. काम विद्यार्थी करतात, शिक्षक तपासतात. अर्धा दिवस मोडतो, पण तिथं खोली मोजल्याशिवाय सहसा सोडत नाहीत.

ब्रश: जिथं लागायला हवा तिथं

बहुतेक माणसं दाताचा मधला, दिसणारा भाग घासतात. तो तसाही भाकरी-भाजी चावताना बऱ्यापैकी साफ होतो. थर साचतो हिरडीच्या कडेला. म्हणून मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या. तो दाताशी साधारण पंचेचाळीस अंशांत तिरका धरा, केसांची टोकं अर्धी दातावर आणि अर्धी हिरडीच्या कडेवर. जागच्या जागी अगदी लहान हालचाल करा, मग दाताच्या टोकाकडे झटका. पुढच्या दोन दातांवर जा. सगळीकडं फिरायला दोन मिनिटं लागतात. क्रम ठरवून घ्या, नाहीतर एक कोपरा रोज राहतो. उजव्या हाताची माणसं खालच्या उजव्या दाढांची आतली बाजू बऱ्याचदा विसरतात.

जोर लावू नका. कडक ब्रशनं आडवं रगडल्यावर दाताच्या मानेशी खाचा पडतात आणि हिरडी खाली सरकते. राखुंडी, कोळसा, विटेचा भुगा, गेरूसारखं लाल मंजन बोटानं घासणाऱ्यांच्या दातांवर या खाचा मी नेहमी बघतो. दात सुरुवातीला पांढरे दिसतात, कारण वरचे डाग निघतात, पण त्यांच्याबरोबर वरचं कवचही घासून चाललेलं असतं. हे कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, पण त्यात जिवंत पेशी नसतात. झिजलं की पुन्हा तयार होत नाही. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी नीट चावून, केस मऊ करून वापरली तर बाहेरची बाजू चांगली साफ होते. दाढांच्या आतल्या बाजूला ती पोचवणं मात्र अवघड. सकाळी काडी आवडत असेल तर खुशाल वापरा, रात्री मात्र ब्रश आणि पेस्ट.

रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा आहे. झोपेत लाळ फार कमी सुटते, आणि दाताचं रोजचं रक्षण लाळच करते. आपल्याकडे उलटं आहे: सकाळी दात न घासता चहा पिणाऱ्याला घरात बोलणी बसतात, रात्री कुणी विचारत नाही. एकदाच घासणार असाल तर रात्री घासा, पण दोनदाच घासा.

पेस्ट घेताना खोक्यावर फ्लोराइड किती ते वाचा. मोठ्या माणसाला एक हजार पीपीएमच्या आसपास हवं. अनेक ‘वनस्पतीयुक्त’ पेस्टमध्ये ते नसतं. किडीची सुरुवात झालेल्या कवचात लाळेतले क्षार पुन्हा बसवायला फ्लोराइड मदत करतं, म्हणून घासून झाल्यावर थुंका आणि भरपूर पाण्यानं चुळा भरू नका. हे ऐकून सगळे तोंड वाकडं करतात, पण सवय होते. ब्रश तीन महिन्यांनी बदला, केस वाकले तर त्याआधीच.

आंबट खाल्ल्यावर लगेच घासू नका. लिंबू पिळलेला उसाचा रस, द्राक्षं, चिंच यांनी कवच थोडा वेळ मऊ पडतं. अर्धा तास थांबा. तोवर पाण्यानं चूळ भरा.

दोन दातांच्या मधली जागा

ब्रश कितीही चांगला असला तरी फटीत शिरत नाही, आणि हिरडीचा आजार अनेकदा फटीतच सुरू होतो. दात एकमेकांना चिकटून असतील तर मेण लावलेला दोरा: हातभर तोडायचा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा, करवतीसारखा हळूहळू आत न्यायचा. एका दाताला कवेत घेऊन वर-खाली, मग शेजारच्या दाताला. फट दिसण्याइतकी असेल तर फटीचा छोटा ब्रश दोऱ्यापेक्षा सोपा आणि जास्त चांगला. तो वेगवेगळ्या जाडीचा मिळतो; अडकून, किंचित घासून जाईल असा घ्या. चाळिशीनंतर बऱ्याच जणांना दोन जाड्या लागतात. हे रोज रात्री, ब्रशच्या आधी.

सेफ्टीपिन, काडेपेटीची काडी, सायकलच्या तारा... यादी फार मोठी आहे, थांबतो. एकाच जागी रोज अन्न अडकत असेल तर कोरत बसू नका. तिथं कीड असते, किंवा भरलेलं सिमेंट तुटलेलं असतं.

पहिल्या आठवड्यात दोरा लावताना रक्त येईल. इथंच बहुतेक जण सोडून देतात: ‘रक्त आलं म्हणून घासायचं बंद केलं.’ नेमकं उलटं करायचं. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर साधारण आठवड्यात बऱ्या झाल्या. म्हणजे नुसती सूज असेल तर ती तुमच्याच हातानं जाते. दोन आठवडे नीट साफ करूनही रक्त थांबलं नाही, तर आत किटण आहे किंवा दुसरं काही कारण आहे, दाखवा.

‘आमच्या आजोबांनी जन्मात ब्रश धरला नाही, ऐंशीव्या वर्षी दातानं ऊस सोलायचे,’ हेही ऐकतो. असतील सोलत. लोए यांच्याच गटानं १९७० पासून पंधरा वर्षं श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या, दात न घासणाऱ्या कामगारांची पाहणी केली. सुमारे अकरा टक्के लोकांच्या हिरड्यांचा आजार पुढं सरकलाच नाही. सुमारे आठ टक्के लोकांचे दात मात्र भराभर गेले. उरलेले मध्ये. आजोबा अकरा टक्क्यांतले असणार. तुम्ही कुठले आहात, हे दात हलेपर्यंत कळत नाही.

गोड किती वेळा?

गोड खाल्ल्यावर काही मिनिटांत जंतू आम्ल तयार करतात, आणि लाळेला ते निवळायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ कवचातले क्षार विरघळत असतात. म्हणून जेवणाबरोबर दोन कंदी पेढे खाणं आणि तेच दोन पेढे दिवसभर तोडून-तोडून खाणं यांत दाताच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देऊन हे तपासलं गेलं. असला प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण निष्कर्ष पक्का होता: जेवणाबरोबरच्या साखरेनं कीड फारशी वाढली नाही, जेवणांच्या मधल्या चिकट टॉफीनं खूप वाढली.

आपल्याकडचा गुन्हेगार चहा. दुकानात, बाजार समितीत, कारखान्याच्या गेटवर दर तासा-दीड तासाला गोड घोट. कप कमी करता येत नसतील तर दोन कप बिनसाखरेचे करा आणि उरलेले जेवणा-नाश्त्याला चिकटवा. तासगावचा बेदाणा पौष्टिक आहे, पण दाढेच्या खाचेत चिकटून बसतो. मुलांच्या डब्यात मधल्या सुट्टीसाठी देण्यापेक्षा जेवणात द्या. गूळ ‘नैसर्गिक’ असल्यानं जंतूंना काही फरक पडत नाही. भडंग, शेंगा, हुरडा यांबद्दल माझी तक्रार नाही.

मशेरी, तंबाखूचा बार आणि सुपारी

या भागातल्या कितीतरी बायका मशेरी ‘दात घासायला’ लावतात. ती भाजलेली तंबाखू आहे. सकाळी एकदा लावणारी मावशी दुपारी कामं आवरल्यावर आणि रात्री झोपताना पुन्हा लावते, कारण आता ती निकोटिनची तल्लफ असते. दातांचं औषध म्हणून केंद्र सरकारनंसुद्धा तंबाखू कधीच मोडीत काढलीय. टूथपेस्ट आणि मंजनात ती घालायला १९९२ पासून बंदी आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तो टपरीवर कसा मिळतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तंबाखूची एक फसवणूक ध्यानात ठेवा: निकोटिननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, त्यामुळं रक्त कमी येतं आणि हिरडी बरी वाटते. आत हाड मात्र जास्त वेगानं झिजत असतं. सोडल्यावर सुरुवातीला हिरडीतून रक्त आलं तर घाबरून परत सुरू करू नका. सुपारीनं गालाची आतली कातडी कडक होत जाते, तिखट झोंबतं, तोंड उघडेनासं होतं. तीन बोटांची तपासणी त्यासाठी. हा आजार मागं फिरवणं फार कठीण आणि त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

ज्याच्या-त्याच्या वयात

बाळाला सहाव्या महिन्याच्या आसपास पहिला दात येतो, त्या दिवसापासून घासायचं. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढं वाटाण्याएवढी, आणि ब्रश सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांच्या हातात. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागं कायमची पहिली दाढ गुपचूप येते, काहीही न पडता. आई-वडील तिला दुधाची समजतात आणि किडू देतात. तिच्या खोल खाचा बुजवून घेता येतात, तेव्हाच विचारा.

गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात. दात साफ करून घेणं सुरक्षित आहे, चौथा ते सहावा महिना सोयीचा.

मधुमेह असेल तर हा लेख तुमच्यासाठी दुप्पट खरा. साखर वाढलेली असली की हिरडी लवकर बिघडते आणि बिघडलेली हिरडी साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांचे नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, साधारण ०.४ नं उतरल्याचं दिसलंय. नाश्ता करून, गोळी घेऊन, सकाळची वेळ घ्या. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काहींची हिरडी वाढते. गोळी स्वतः बंद न करता दोन्ही डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणारी गोळीही दात काढायचा म्हणून मनानं थांबवायची नाही. हाडं ठिसूळ होण्यावरचं औषध किंवा इंजेक्शन चालू असेल तर दात काढण्याआधी ते सांगायलाच हवं.

साठीनंतर अनेक औषधांनी तोंड कोरडं पडतं. हिरडी सरकून मूळ उघडं पडलेलं असतं, आणि मुळावर ते कठीण कवच नसतं. तिथली कीड फार लवकर आत जाते. घोट-घोट पाणी प्या आणि फ्लोराइडची पेस्ट सोडू नका.

‘काढूनच टाका’ म्हणण्याआधी

वरचा दात काढला की डोळे जातात, हे खोटं. पण दात काढल्यावर शेजारचे दात त्या जागेत कलतात, समोरचा दात खाली-वर सरकतो आणि नव्या फटींत अन्न अडकू लागतं, हे खरं. म्हणून डॉक्टरांना विचारा: दात वाचतो का, रूट कॅनल केलं तर टिकेल एवढा दात उरलाय का, हाड किती आहे, एक्स-रेमध्ये दाखवा. रूट कॅनल केलेल्या दाढेवर कॅप घालणं बहुतेकदा गरजेचं असतं. ‘दुखायचं थांबलं’ म्हणून कॅप टाळलेल्या दाढा पुढं उभ्या चिरतात आणि मग काढाव्याच लागतात. अजिबात वाचण्यासारखा नसेल तर काढा, पण रिकाम्या जागेचं काय करायचं ते त्याच दिवशी बोलून घ्या.

आपटून अख्खा दात बाहेर आला तर

गाडीवरून पडणं, कबड्डी, विहिरीत उडी. दात शोधा. दिसणाऱ्या, पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. माती असेल तर दुधानं किंवा पाण्यानं अगदी क्षणभर खळबळून घ्या. घासू नका, पुसू नका. शुद्धीवरच्या मोठ्या माणसाला तो लगेच जागेवर बसवून स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल तर गार दुधात टाका. पाण्यात किंवा कोरड्या कागदात नको. अर्ध्या तासात, फार तर तासात दवाखाना गाठला तर दात टिकण्याची आशा असते. मुलाचा दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचा नाही, नुसतं दाखवायला न्यायचं.